पदवीनंतर काय : डोंगरवाट की सरकारी परीक्षा?



नोंदीसाठी आम्ही बांधावर येतो तेव्हा बोलणं उसावरून सुरू होतं आणि पोरांवर येऊन थांबतं. आडसालीच्या नोंदी घेताना एका सभासदाने आम्हांला विहिरीवर थांबवून घेतलं. मुलगा बी.एस्सी. झालेला. त्याला पुण्याला क्लास लावायचा म्हणून नाना ३० गुंठे गहाण टाकायला निघालेले. मुलगा मात्र दर शनिवारी मुंबई-पुण्याची माणसं घेऊन कळसूबाई चढतो.

"साहेब, पोरगं नुसतं डोंगर हिंडतंय. तुम्ही सांगा त्याला."

आम्ही मुलाला काही सांगितलं नाही, आधी नानांशीच बोललो. असा पेच अनेक घरांत आहे म्हणून ते बोलणं येथे देत आहोत.

आधी सरकारी वाट. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत २०० गुणांचे दोन पेपर असतात. दुसऱ्यात ३३ टक्के मिळवले म्हणजे झालं, निवड पहिल्यावर ठरते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. गुण १७५०, वर मुलाखतीचे २७५. म्हणजे आता नुसतं पाठांतर चालत नाही, हाताला लिहिण्याची सवय लागते. २०२५ ची जाहिरात ३८५ पदांची होती, आणि त्या वर्षीची पूर्व परीक्षा पुरामुळे सप्टेंबरची नोव्हेंबरवर गेली. तारखा अशा सरकतात आणि खोलीभाडं, मेस चालूच राहते.

खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतं. पण बसता येतं म्हणून ३८ पर्यंत बसायचं असं नाही. खोडव्याचं तुम्हांला आम्ही काय सांगावं! पहिला चांगला देतो, दुसरा बरा, पुढे तुटाळ वाढत जाते आणि खत मात्र तेवढंच लागतं. तरी मोडवत नाही, कारण 'यंदा फुटेल' ही आशा. तेव्हा दोन प्रयत्न की तीन, हे बाप-लेकांनी पहिला फॉर्म भरण्याआधी ठरवावं आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवावं. आम्ही स्वतः कृषी पदविका झाल्यावर तीन वर्षं जागा निघायची वाट पाहिली. त्या काळात दुसरं काही शिकलो नाही, ही चूक आमचीच.

आता डोंगराची वाट. नानांना ती हिंडणं वाटते, आणि आज त्या पोराचं काम खरोखर तेवढंच आहे. दिवसाची मजुरी घेऊन वाट दाखवायची. पावसाळ्यात गर्दी, हिवाळ्यात बरी, मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजव्यांचे चार आठवडे, उरलेला उन्हाळा मोकळा. एवढ्यावर संसार चालत नाही, हे नानांचं म्हणणं खोटं नाही.

पण या कामालाही शिक्षण आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून ते देत आली आहे. उत्तरकाशीचा प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा. त्यात 'अ' श्रेणी मिळाली तरच प्रगत अभ्यासक्रम, आणि त्यातही 'अ' असेल तरच शिकवण्याचा किंवा शोध-बचावाचा अभ्यासक्रम. जागा काही महिने आधी भरतात. यात जिवाची जोखीम आहे हे लपवून उपयोग नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीवर हिमकडा कोसळून २५ हून अधिक जण गेले. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी लावली आहे. म्हणजे ज्याच्यापाशी प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचं ज्ञान आणि विमा आहे, त्याच्या कामाला पुढे किंमत राहील. नुसत्या वाट दाखवणाऱ्याचं सांगता येत नाही.

नानांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. या दोन वाटा मध्येच एका ठिकाणी मिळतात, ते ठिकाण म्हणजे वनखातं. वरच्या ३८५ पदांत महसूल व वन विभागाची १४४ होती. वनसेवेसाठी पुरुष उमेदवाराला ४ तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. क्लासमध्ये बसून पाठ धरलेल्या पोरांचे तिथे हाल होतात, नानांचा मुलगा ते हसत करील. पदवीच्या विषयांची अट असते, ती जाहिरातीत आधी वाचावी. वनरक्षकाची पात्रता बारावीची, आणि मुलींनीही तिकडे पाहावं. अर्थात ही नोकरी म्हणजे सहल नव्हे. उन्हाळ्यात वणवे, कोर्टाच्या तारखा, कागदपत्रं. तोडणीच्या वेळी उसात बिबट्याचे बछडे सापडले की आपण रात्री-अपरात्री ज्याला फोन करतो, तोच तो माणूस.

ज्यांना घर सोडायचंच नाही त्यांच्यासाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. बारामती तालुक्यात पळशीवाडीला २००५ च्या सुमारास असं केंद्र सुरू झालं, ते एकदा पाहून यावं. मात्र पाहुण्यांचं करायला घरातल्या बायकांची तयारी आहे का, हे आधी त्यांना विचारा. बहुतेक ठिकाणी ते कोणी विचारत नाही.

नानांनी ३० गुंठे गहाण टाकले नाहीत. मुलाने उत्तरकाशीचा अर्ज भरला. पूर्व परीक्षेचाही भरणार आहे, अभ्यास मात्र घरी आणि तालुक्याच्या अभ्यासिकेत. दोन प्रयत्न ठरलेत. शनिवारची मजुरी तो आता आईपाशी देतो, तीच पुस्तकांना लागते.

ज्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी नॉन-क्रिमीलेअर, जातीचा व रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला रांग लागते. काही विचारायचं असल्यास माती नमुने घेऊन याल त्या दिवशी गट कार्यालयात आम्हांला भेटावं, आणि मुलालाही बरोबर आणावं.