उनपदेवच्या कुंडात उतरण्याआधी

उनपदेवला मला भोवळ आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. गरम पाण्यातून उठलो, दोन पायऱ्या चढलो आणि समोरचं सगळं आधी पांढरं, मग काळं झालं. शुद्धीवर आलो तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं आणि शेंगदाणे विकायला बसलेली एक आजी डोक्यावरचा पदर ओला करून माझ्या मानेवर ठेवत होती. "भाऊ, सावलीमा बस. पानी पे," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. हनुवटीला चार टाके पडले. ते भरून आले, पण ती दुपार अजून डोक्यातून गेलेली नाही. आता आमच्या भागात ग्रॅव्हल बाईक घेतलेली बरीच मुलं उनपदेवचा बेत करताना ऐकतो, म्हणून हे लिहितो आहे.

बेत मोहात पाडणाराच आहे. वरणगावहून भुसावळ, तिथून तापीचा पूल, अंजाळे, यावल. सरळ डांबरी रस्त्याने गेलात तर बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरून साकळी, किनगाव करत अडावद येतं आणि तिथून उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत उनपदेव. पण जाड टायरची सायकल घ्यायची आणि डांबरावर चालवायची, हे मनाला पटत नाही. म्हणून मी यावलहून आडगाव-मनुदेवीच्या बाजूला वळलो आणि पायथ्यापायथ्याने, केळीच्या मळ्यांच्या कडेने, गाडीवाटांनी पश्चिमेला निघालो. एका बाजूचं अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. महिना फेब्रुवारीअखेरचा. पाचला निघायचं ठरलं होतं, सोबत्याची वाट पाहण्यात सात वाजले. खानदेशात हे दोन तास फार महाग पडतात. सकाळचे गार दोन तास हातचे जातात आणि तेवढेच दुपारच्या उन्हात जास्त काढावे लागतात.

दुसरी चूक नकाशा वाचण्यातली. मोबाइलवर सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांच्या निळ्या रेघा ओळीने दिसत होत्या. मी समजलो, पाण्याला कमी नाही. दोन बाटल्या आणि पाठीवर लिटरभर, एवढ्यावर निघालो. प्रत्यक्षात एकामागून एक पात्रं कोरडी निघाली, नुसते गोटे आणि वाळू. सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा पट्टा आहे. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचे आणि वाळूचे जाड थर तिथे साचलेले आहेत. नाला डोंगर सोडून या थरांवर आला की पाणी खाली मुरतं आणि पावसाळा सरल्यावर वर थेंब दिसत नाही. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, त्यांच्या विहिरी आणि बोअर खूप खोल आहेत. आजूबाजूला हिरवीगार केळी दिसते म्हणून पाणी हाताशी आहे असं वाटतं, पण ते ठिबकच्या नळ्यांतलं असतं आणि पंप वीज असेल तेव्हाच चालतो. म्हणून यावल सोडल्यावर प्रत्येक वस्तीत बाटल्या भरून घ्या, अर्धी रिकामी झालेली असली तरी. निघताना अंगावर निदान चार लिटर हवं.

मग पंक्चर. शेताच्या बांधाला वाळलेले सराटे पडलेले असतात. सराट्याची रचना अशी की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. माझे टायर ट्यूबलेस होते, आत भोक बुजवणारं सीलंट होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण ते दिवाळीआधी भरलेलं, आपल्याकडच्या उन्हात वाळून त्याचे नुसते पापुद्रे झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी चाक कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू यायला हवी. आली नाही तर नवं भरा. आणि ट्यूबलेस असलं तरी दोन ट्यूब, पंप, चिमटा बरोबर ठेवा. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटे काढा. मी घाईत एक काटा ठेवला आणि दोन किलोमीटरवर पुन्हा थांबलो. या दोन पंक्चरांत पाऊण तास आणि शिल्लक पाण्यातलं निम्मं पाणी गेलं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ते कुंड. गोमुखातून पडणारं गरम पाणी हे उनपदेवचं वैशिष्ट्य. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं अशी कथा इथे सांगतात. भूगर्भाच्या बाजूने पाहिलं तर सातपुड्याच्या पायथ्याने मोठा प्रस्तरभंग जातो, खोल गेलेलं पाणी तिथे तापून भेगांतून वर येतं. दिवसभर दमल्यावर या पाण्यात अंग सैल सोडावं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. सायकल टेकवली आणि पाच मिनिटांत पाण्यात होतो.

तिथेच घात झाला. उन्हात तासन् तास सायकल मारल्यावर शरीर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं. घामाने रक्तातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं. अशात गरम पाण्यात बसलं की वाहिन्या आणखी रुंदावतात, आणि पाण्याखालच्या अंगाला घामाने थंड होण्याची सोय राहत नाही. पाण्यात आहात तोवर पाण्याचा दाब रक्त वर ढकलत असतो, म्हणून बरंच वाटतं. उठलात की तो आधार सुटतो, रक्त पायांकडे जातं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. मी दगडावर पडलो. पाण्यात पडलो असतो आणि जवळ कोणी नसतं, तर हे लिहायला राहिलो नसतो.

म्हणून पोचल्यावर आधी सावलीत बसा, किमान तासभर. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मी वाटेत केळीच खात गेलो होतो. केळ्यातून पोटॅशियम मिळतं, पण घामातून जातं ते मुख्यतः मीठ, आणि ते केळ्यात नसल्यासारखंच. खारे शेंगदाणे, भाकरी-ठेचा जवळ ठेवा. लघवी पुन्हा फिकट झाली, डोकं ठणकायचं थांबलं, तरच पाण्यात पाय घाला. आधी पायच. एकट्याने उतरू नका, आणि उठताना काठाला धरून, अर्धा मिनिट बसून उठा. सोबती असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग तापून चटका बसतो असं झालं, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पायथ्याला मोबाइलची रेंज सगळीकडे लागत नाही, तेव्हा वाटेत कुठे लागते ते जातानाच पाहून ठेवा.

माझ्या मते या सायकलफेरीचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फोर्कच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पौषात उनपदेवला यात्रा असते, त्या दिवसांत गर्दी टाळलेली बरी. हे देवस्थान आहे, लोक श्रद्धेने अंघोळीला येतात. सायकलच्या तंग चड्डीवर पंचा गुंडाळा, साबण लावू नका. जवळच सुनपदेवचाही गरम झरा आहे, पण एका दिवसात दोन्हीचा हट्ट नको. यावल अभयारण्याच्या हद्दीतली वाट धरायची असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. सगळ्यात मोलाचं म्हणजे परतीची वेळ घरीच ठरवा. अकरापर्यंत अमुक गावी पोचलो नाही, तर डांबरी रस्ता धरून माघारी. ती वेळ घरच्यांना सांगून ठेवली की मोडायला संकोच वाटतो.

त्या दिवशी मला केळीच्या पिकअपमधून परत यावं लागलं. सायकल पानांवर आडवी टाकलेली, मी ड्रायव्हरशेजारी, हनुवटीला फडकं धरून. पुढच्या डिसेंबरात पहाटे साडेचारला निघालो, साडेदहाला पोचलो. आजी त्याच जागी होती. तिच्याकडून शेंगदाणे घेतले, तासभर झाडाखाली बसलो, आणि मग घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. तिने एकदा माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.