‘नाइस’ म्हणजे मूर्ख?

सई : मावशी, जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त एका जागी अडकलेय. कॅथरिन बिचारी आवडत्या कादंबरीला ‘नाइसेस्ट’ म्हणते, तर हेन्री टिळनी तिची फिरकी घेतो. म्हणे नाइस म्हणजे नीटनेटकं, ते पुस्तकाच्या बांधणीवर ठरेल! हा अर्थ त्यानं कुठून काढला?

मावशी : काढला कुठला, तो होताच. ऑस्टिन गेल्यावर १८१७च्या डिसेंबरात ते पुस्तक निघालं, पण लिहिलं होतं अठरावं शतक सरता सरता. कोशात ‘छान’ या अर्थाची नोंद १७६९च्या आसपासची. म्हणजे कॅथरिनचा नाइस तेव्हा नवाच होता. हेन्रीसारख्या शिस्तखोरांना तो खटकायचा.

सई : आणि त्याआधी?

मावशी : त्याआधी चक्क शिवी! लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा झाला मूर्ख, बावळट. १३००च्या सुमारास शब्द इंग्रजीत शिरला तो हाच अर्थ घेऊन.

सई : ‘स्किरे’ म्हणजे सायन्समधलंच ना?

मावशी : तेच. आणि ‘नेस्कियुस’ची घडण ऐकून आपला ‘नेणता’ नाही आठवला? न जाणता तो नेणता. लॅटिनचा ‘ने’ आणि आपला ‘न’ मुळात एकच. फक्त आपण नेणतं लेकरू म्हणतो तेव्हा त्यात माया असते.

सई : पण बावळटाचा एकदम छान कसा झाला?

मावशी : एकदम कुठला! मूर्ख माणूस नको तिथं पैसा उधळतो, नटतो-मुरडतो, म्हणून नाइस म्हणजे नखरेल. नखरेलाला सहजासहजी काही पसंत पडत नाही, म्हणून चोखंदळ. कॅथरिनची चेष्टा चालली असताना हेन्रीची बहीण एलिनर त्याला काय सुनावते बघ. नाइस हा शब्द खरा तुलाच लागू पडतो, म्हणते, आणि त्यात कौतुक काही नाही! ज्या जुन्या अर्थाचा तो आग्रह धरतोय, त्याच घराण्यातला अर्थ त्याच्याच गळ्यात घातला तिनं. अख्ख्या प्रकरणात मला तीच जागा सगळ्यात आवडते.

सई : अय्या, मी तर ते कौतुकच समजले होते!

मावशी : पुन्हा वाच. तर चोखंदळाची नजर बारीक, म्हणून नाइस म्हणजे काटेकोर, सूक्ष्म. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान फरक नव्हे गं, केसाएवढा फरक. भाषांतरात भले भले तिथं आपटतात. आणि चोखंदळ माणसाच्या पसंतीला उतरलेलं चांगलंच असणार, असं करत करत छान. अर्थात हे मी तुझ्यासाठी ओळीत लावून सांगतेय. सोळाव्या-सतराव्या शतकात यातले बरेच अर्थ एकदमच चालू होते. त्या काळच्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमकं काय म्हणायचं होतं ते सांगणं अवघड, असं ऑक्सफर्डचा कोशही म्हणतो.

सई : फ्रान्समधलं नीस शहर याच शब्दावरून?

मावशी : छे, स्पेलिंग तेवढं एक. त्या शहराचं नाव ग्रीक, विजयाची देवी नीके हिच्यावरून आलेलं.

सई : शिवीची स्तुती झाली, तशी स्तुतीची शिवीही होत असेल ना?

मावशी : ‘सिली’ घे की. जुन्या इंग्रजीत तो सुखी, दैवाची कृपा लाभलेला. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी वेडगळ. आपल्याकडे तर खुद्द सम्राट अशोकाची पदवी यातून सुटली नाही. शिलालेखांत तो स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो. त्याचे लेख आपल्या सोपाऱ्यालाही सापडलेत. पुढच्या संस्कृतात त्याच शब्दाचा अर्थ झाला मूर्ख.

सई : मग दादाला आजपासून देवानांप्रिय म्हणू?

मावशी : बिनधास्त म्हण. संस्कृतच्या तासाला तो मैदानावर असायचा.