सिद्धतेआधीची भूमिती

पालक : बाई, दहावीची मुलं प्रमेय धडाधडा म्हणून दाखवतात, पण आकृतीतली अक्षरं बदलली की अडतात. सराव कमी पडतो का?

बाई : नुसत्या सरावाने हे सुटणारं नाही. पिएर आणि डिना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांत या दुखण्याचं मूळ दाखवलं. भूमितीची समज टप्प्याटप्प्याने येते. पहिल्या टप्प्यावर मूल आकार फक्त ओळखतं. चौरस तिरका ठेवला की त्याला तो चौरस वाटत नाही. दुसऱ्यावर ते बाजू आणि कोनांचे गुणधर्म सांगतं. तिसऱ्यावर गुणधर्म एकमेकांशी जुळतात आणि चौरस हा आयतही असतो हे पटतं. पक्ष, साध्य, सिद्धता हा सगळा चौथ्या टप्प्यावरचा व्यवहार. दुसऱ्या टप्प्यावरच्या मुलाशी आपण चौथ्यावरून बोलतो. मग त्याच्याकडे पाठांतराशिवाय उरतं काय?

पालक : कल्पना पटते, पण त्याला आधार काय?

बाई : अमेरिकेत शॅरन सेंक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षभर सिद्धतेसह भूमिती शिकलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के विद्यार्थीच सिद्धतालेखनात ७५ टक्के प्रभुत्वापर्यंत पोहोचले होते. झाल्मन युसिस्किन यांच्या शिकागो विद्यापीठातल्या प्रकल्पातून हेही दिसलं, की मूल वर्षाच्या सुरुवातीला कोणत्या टप्प्यावर आहे, यावरून त्याला पुढे सिद्धता कितपत जमेल याचा बराच अंदाज येतो. टप्पे इतके काटेकोर नसतात, एकच मूल त्रिकोणात पुढे आणि वर्तुळात मागे असू शकतं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्पन्न एवढंच होतं, की मुलांची समज प्रत्येक प्रकरणाआधी चाचपावी.

पालक : पण वर्गात साठ मुलं, आणि पोर्शन संपवायचा!

बाई : नववीचंच प्रमेय घ्या : त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्यासमोरचे कोन एकरूप असतात. सिद्धतेत शिरोबिंदूपाशी कोनदुभाजक काढतात आणि बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लावतात. मुलाला तो दुभाजक आभाळातून पडल्यासारखा वाटतो. त्याऐवजी कागदाचा असा त्रिकोण कापून, एकरूप बाजू एकमेकींवर येतील अशी घडी घालायला सांगा. पायाचे कोन एकमेकांवर बसतात आणि घडीची रेघ म्हणजेच तो दुभाजक. रचना कुठून आली, हे कळायला एक कागद आणि काही मिनिटं पुरतात.

पालक : पण घडी म्हणजे सिद्धता नव्हे. असं शिकवून गणितातला काटेकोरपणाच जाईल की!

बाई : घडी म्हणजे सिद्धता नव्हेच, आणि ही शंका मुलांनाच यायला हवी. साठ जणांच्या साठ त्रिकोणांत जमलं. एकसष्टाव्यात जमेलच कशावरून? इथे बाकोबाची गरज पडते. दोन बाजू पक्षात दिलेल्या, त्यांच्यामधले कोन दुभाजकामुळे एकरूप, दुभाजकाची बाजू दोन्ही त्रिकोणांत सामाईक. माप कोणतंही असो, निष्कर्ष तोच. शंकेचं उत्तर म्हणून काटेकोरपणा आला की तो मुलाला जाच वाटत नाही.

पालक : बोर्डात मात्र पाठ केलेल्या प्रमेयालाही मार्क मिळतात.

बाई : ही अडचण खरी आहे. 'कृती पूर्ण करा'मधल्या रिकाम्या चौकटीही पाठांतरावर भरता येतात. म्हणून प्रश्न बदलावे लागतील. एक पायरी चुकलेली सिद्धता देऊन चूक शोधायला सांगावं, किंवा पक्षातली एक अट काढून निष्कर्ष टिकतो का ते विचारावं. शाळेच्या सराव चाचण्यांत हे आजही करता येईल. राहिला पोर्शन. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे नववीतलंच दुसरं प्रमेय. त्यातल्या दोन त्रिज्या म्हणजे दोन एकरूप बाजूच. घडी समजलेल्या मुलाला इथला अर्धा मार्ग आधीच ठाऊक असतो. पाठ करणाऱ्याला मात्र हेही नव्याने घोकावं लागतं. वेळ खरा जातो तो या घोकण्यात.