रुई, घोळ आणि दोन फुलपाखरे

शाळेच्या आवारात श्रमदान सुरू झाले की खुरप्याखाली सर्वांत आधी येते ती कुंपणालगतची रुई. त्याच हाताने वाफ्यातली घोळही उपटली जाते. घरी तिची भाजी आवडीने खाल्ली जाते, बागेत मात्र ती तण ठरते. या दोघींसाठी बागेचा एक कोपरा राखून ठेवावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

रुईचे पान उलटून पाहावे. टाचणीच्या डोक्याएवढे, पांढरट, एकेकटे अंडे दिसले तर ते बहुधा ‘बिबळ्या कडवा’ या नारिंगी फुलपाखराचे असते. काही दिवसांत त्यातून अळी निघते. मोठी झाल्यावर तिच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे व पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या स्पष्ट दिसतात. पान खाण्यापूर्वी ती त्याच्या शिरा कुरतडते. चीक तेथेच वाहून जातो आणि पुढचा भाग खाण्याजोगा होतो. रुईतील विष तिच्या शरीरात साठते व फुलपाखरातही टिकते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. एवढे संथ उडणे त्याला परवडते ते यामुळेच.

घोळीवर वाढते ‘छोटा चांदवा’. याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी. ती विषारी नसते, तरी पक्षी फसतात. आपण फसू नये म्हणून मागील पंख पाहावा: बिबळ्या कडव्याच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला वरच्या कडेशी एकच. कडू चवीचा धडा पक्ष्यांना देणारे खरे फुलपाखरूच परिसरातून नाहीसे झाले, तर या सोंगाचा उपयोग उरत नाही. रुई उपटताना घोळीवरच्या फुलपाखराचेही संरक्षण जाते ते असे. शोभेच्या क्रोटनपाशी तासभर बसूनही यातले काही पाहावयास मिळत नाही.

मुलांनी वहीत तारीख, वनस्पती, अळीची लांबी आणि पान कोठून खाल्ले आहे, एवढे रोज नोंदवावे. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. पान हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. पूर्ण वाढलेली अळी उलटी लटकून हिरवट किंवा गुलाबीसर कोष करते. कोषाच्या आवरणातून नारिंगी पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी परिपाठापूर्वीच तेथे जावे. पंख वाळताच फुलपाखरू उडून जाते.