योगक्षेम आणि फोनची काच



आज गीतेच्या ९ व्या अध्यायातला २२ वा श्लोक. खरं सांगायचं तर त्यातला एकच शब्द घेऊन बसलेय: योगक्षेम. एलआयसीच्या बोधचिन्हाखाली याच श्लोकाचा तुकडा असतो, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा शब्द गीतेच्या आधी विम्याच्या कागदावर वाचलेला असतो. अर्थ सोपा आहे. जे आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे मिळालंय ते सांभाळलं जाणं म्हणजे क्षेम. शांकरभाष्यातही असाच अर्थ दिलाय. भक्ताची ही दोन्ही ओझी मी वाहतो, असं भगवंत इथे सांगतात.

आता गंमत बघा. दुसऱ्या अध्यायात, ४५ व्या श्लोकात, तेच भगवंत अर्जुनाला 'निर्योगक्षेम' हो म्हणतात. म्हणजे मिळवण्याची आणि सांभाळण्याची काळजीच सोड.

गेल्या रविवारी वाचन झाल्यावर आम्ही चहा घेत होतो. आमच्यातल्या एकाने पहिल्या पगारातून घेतलेला फोन दाखवला. कव्हर नाही, काच नाही, नुसता. मी म्हटलं, "अरे, निदान गार्ड तरी लाव." तर पठ्ठ्या म्हणतो, "ताई, निर्योगक्षेम तुम्हीच वाचून दाखवलंत ना? मग फोन जपत बसणं ही आसक्तीच झाली की!" सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण गार्ड या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती पुढे सांगते. आधी ही काच काय प्रकार आहे ते बघू. वस्तू नीट कळल्याशिवाय तिच्या आसक्तीवर बोलण्यात अर्थ नाही.

फोनची काच खिडकीच्या काचेसारखी नसते. ती साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या, वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागेत पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. लोकलच्या बाकावरून एक बारीक माणूस उठला आणि तिथे भरल्या अंगाचा काका बसला तर सगळी रांग कशी घट्ट होते, तसंच. पृष्ठभाग सतत आतून दाबलेला राहतो. भेगेला पसरायचं तर आधी हा दाब तोडावा लागतो, म्हणून ती सहज पसरत नाही.

मग फुटते कशी? ए. ए. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की काच मुळात खूप मजबूत असायला हवी, पण प्रत्यक्षात ती कितीतरी कमी ताणाला तुटते, कारण तिच्यावर डोळ्याला न दिसणारे बारीक दोष असतात. सगळा ताण त्या दोषाच्या टोकाशी गोळा होतो आणि भेग तिथून निघते. म्हणजे फोन पडला तो आज, पण काच फुटण्याची सोय कदाचित चार महिन्यांपूर्वीच्या एका बारीक ओरखड्याने करून ठेवलेली असते.

हे वाचल्यावर गार्डबद्दलचं माझं मत बदललं. आपण तो लावतो पडण्याच्या भीतीने. त्याचं खरं काम मात्र ओरखडे स्वतःवर घेणं हे आहे.

आणि ओरखडे कशाने पडतात? किल्ल्यांनी नव्हे, हं. खनिजांची कठीणता मोजायची मोहसची १ ते १० अशी पट्टी आहे. फोनच्या काचेवर साधारण ६ ला ओरखडे दिसायला लागतात, ७ ला खोल जातात. पितळेची किल्ली, सुटी नाणी याच्या बरीच खाली आहेत. पण वाळूत आणि रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ बरोबर ७ वर आहे. समुद्रावर जाऊन आलेल्या पिशवीत फोन टाकला, किंवा जपमाळेच्या गोमुखीशेजारी तळाशी साठलेल्या कचकचीत तो घासला, की झालं. वारीला जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. कितीतरी दिवस पिशवी धुळीत असते.

पाकिटावर '९एच' लिहिलेलं असतं. दुकानदार ऐटीत सांगतो की हिऱ्याच्या खालोखाल आहे. तसं काही नाही. ते एच पेन्सिलीचं आहे, शाळेत चित्रकलेला २बी आणि एचबी असायची ना, त्याच पट्टीतलं. गार्डही शेवटी काचच. वाळू त्यालाही ओरखडते, आणि तेच तर आपल्याला हवंय. शंभर-दोनशे रुपयांची काच झिजावी, खालची नाही.

"गार्ड फुटला, फोन वाचला" हे आपण सगळेच म्हणतो. मी आता ते म्हणत नाही. जेमतेम ०.३ मिलिमीटरचा गार्ड फोनच्या काचेपेक्षा सहज तडकतो. तो तडकला म्हणजे खालची काच तडकलीच असती, हे कशावरून? एखादा टोकदार मार तो अंगावर घेतो, हे खरं. पण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर पडतो आणि कोपऱ्यापर्यंत गार्ड पोहोचतच नाही. तिथे उंच कडेचं कव्हर जास्त उपयोगी.

आता माझी चूक.

आई साताऱ्याला असते. रोज पहाटे साडेपाचला मी तिला फोन करते आणि आम्ही दोघी मिळून हरिपाठ म्हणतो. दिवाळीत तिला नवा फोन घेऊन दिला आणि हौसेने लगेच जाड टेम्पर्ड ग्लास बसवली. घाईत एक गोष्ट केली नाही. फोनवर कंपनीनेच लावलेली पातळ फिल्म होती, ती काढली नाही. तिच्यावरच काच चिकटवली. कडेला दोन बुडबुडे राहिले, तेही चालवून घेतले.

टचस्क्रीनला बोटाचा दाब लागत नाही. बोट जवळ आलं की काचेखालच्या विद्युतभारात फरक पडतो, तो फरक फोन ओळखतो. मध्ये थर जितके वाढतील तितका तो फरक क्षीण होतो. आणि बोट कोरडं असेल तर आणखी. आईची बोटं आयुष्यभर धुणंभांडी करून अगदी कोरडी पडलेली आहेत.

जानेवारीतल्या एका पहाटे तिने फोन उचलला नाही. परत केला. परत. अकरा वेळा. बाबा गावाला गेलेले, ती घरात एकटी. मी पुण्यात, थंडीत घाम फुटलेला. शेवटी शेजारच्या काकूंना उठवलं. त्या धावत गेल्या तर आई देवघरासमोर फोन हातात धरून बसलेली. "अगं, केव्हाची बोट ओढतेय, उचललंच जात नाहीये." मग कळलं की महिनाभर हेच चाललं होतं. ती बोट ओलं करून, कधी बोटाचं पेर घासून कसाबसा फोन उचलत होती. मला एका शब्दाने बोलली नाही. का, तर "तू एवढ्या हौसेनं लावलंस."

मी क्षेम करायला गेले आणि ज्यासाठी फोन दिला तो योगच अडवून बसले.

त्या शनिवारी साताऱ्याला गेले. दोन्ही थर काढले. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून थोडी वाफ होऊ दिली, तिने हवेतली धूळ खाली बसते. अल्कोहोलच्या पुसणीने काच पुसली, मग कोरड्या मऊ फडक्याने, आणि एकच पातळ गार्ड बसवला. सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय होती, ती चालू केली. आईने बाबांच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून बघितला. "लागतंय की लगेच!" नंतर अर्धा तास ती दोघं या खोलीतून त्या खोलीत एकमेकांना फोन करत होती.

आपल्या पोराच्या प्रश्नाकडे येते. निर्योगक्षेम हो असं ज्याला सांगितलं, त्या अर्जुनाने धनुष्य आधीच खाली टाकलेलं होतं. भगवंतांनी त्याला ते उचलायला लावलं. हातातल्या साधनाची हेळसांड कर, असं ते कुठे म्हणाले? मला तरी दिसत नाही. काळजी सोडणं वेगळं आणि काळजी न घेणं वेगळं. दर दहा मिनिटांनी काच पुसणारा, ओरखडा दिसला की दिवस खराब करून घेणारा, तो आसक्त. साधा गार्ड लावून विसरून जाणारा नव्हे. उलट, ओरखडे कुणावर पडायचे हे एकदा ठरलं की फोनकडे बघायची गरजच उरत नाही.

तेव्हा लावा. फक्त तडकलेला गार्ड 'अजून चालतोय की' म्हणून ठेवू नका. त्याच्या कडेने बोट कापतं. स्क्रीनच्या आत अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट असेल तर त्याला चालणाराच गार्ड घ्या आणि बोटाचा ठसा परत नोंदवा. वक्र काचेवर गोंद ओतून अतिनील दिव्याखाली सुकवतात तो प्रकार मला आवडत नाही. गोंद स्पीकरच्या जाळीत उतरू शकतो. आणि घडीच्या फोनला हात लावू नका. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी दिला होता, तेव्हा काही जणांनी वरची फिल्म गार्ड समजून सोलली आणि स्क्रीनच गेले. ती फिल्म स्क्रीनचाच भाग होती. फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला.

काल त्या मुलाचा फोटो आला. गार्ड लावलाय, मधोमध एक बुडबुडा. खाली लिहिलंय, "ताई, हा राहू दे का?" मी म्हटलं, राहू दे.

उद्या २३ वा श्लोक. राम कृष्ण हरी.