कैसराचे नाणे आणि त्यावरचे घाव



कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घेऊन परूशी लोक प्रभू येशूकडे येतात आणि प्रभू त्यांच्याकडून एक नाणे मागून घेतो, हा प्रसंग आपण 'अ' वर्षाच्या 29व्या सामान्य रविवारी संत मत्तयच्या शुभवर्तमानातून ऐकतो. त्यानंतर आमच्या अभ्यासवर्गात हमखास एक प्रश्न येतो : ते नाणे दिसायला कसे होते आणि आज ते कुणाला मिळते का?

मागे एकदा असाच प्रश्न निघाला, तेव्हा एका बांधवाने रुमालात बांधलेले नाणे काढून टेबलावर ठेवले. "येशूच्या वेळचे आहे," असे सांगून एका फिरत्या विक्रेत्याने ते त्यांना दिले होते. नाणे लखलखीत होते. एक ओरखडा नाही, कड अगदी गोल, मुखवटा बरोबर मध्यभागी. भिंगाखाली धरले तेव्हा कडेभोवती साच्याच्या दोन भागांची शिवण दिसली, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. नाणे ओतलेले होते, ठोकलेले नव्हते. विक्रेता केव्हाच पुढच्या गावी गेला होता. त्या बांधवाची दोन आठवड्यांची मजुरी गेली. त्यांना फसवले ते नाण्याच्या निर्दोषपणाने. हे लक्षात आले म्हणून हा लेख लिहीत आहोत.

रोमचे चांदीचे नाणे म्हणजे दिनार. द्राक्षमळ्यातील मजुरांना दिवसाचा रोज म्हणून जे मिळाले तेच हे. चुनाभट्टीवर किंवा खाणीवर रोजाने गेलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वजन सुमारे पावणेचार ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा तिसरा हिस्सा. परूशी लोकांनी दाखवलेले नाणे बहुधा तिबेर्य कैसराचे असावे, असे मानले जाते. तिबेर्याने इ.स. 14 ते 37 राज्य केले. त्याच्या दिनारावर एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले त्याचे डोके आणि दुसऱ्या बाजूला हाती फांदी व राजदंड घेऊन बसलेली स्त्री आहे. नेमके हेच नाणे होते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

ही नाणी यंत्रावर पडत नसत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. घाव जरा तिरका पडला की कैसराचे नाक कडेबाहेर जाई. चकती लहान असली तर अर्धी अक्षरे पडतच नसत. कड फाटे. ठसा झिजलेला असला तर नवे नाणेही जुने दिसे. म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडतानाच त्यात काही ना काही उणे असे, आणि पुढचे घाव बाजारात बसत.

बाजार म्हणताना आपला देशही त्यात येतो. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याचे समुद्रप्रवासाचे वर्णन उपलब्ध आहे. त्यात भडोच बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी येतात आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यावर नफा मिळतो, असे लिहिले आहे. पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नावेही त्यात आहेत. रोमचा लेखक प्लिनी तर तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. (चार सेस्टर्सचा एक दिनार.)

याच प्लिनीने श्रीलंकेच्या राजाची एक गोष्ट सांगितली आहे. वादळाने भरकटत गेलेल्या एका रोमी माणसाजवळचे दिनार राजाने पाहिले. त्यांवर वेगवेगळ्या सम्राटांचे चेहरे होते, पण वजन सगळ्यांचे सारखे. ते पाहून राजाला रोमी लोकांच्या सचोटीचे कौतुक वाटले. गोष्ट किती खरी हे सोडून देऊ. नाणे पारखणारा माणूस काय पाहतो, ते त्यातून कळते. इ.स. 64 च्या सुमारास नीरो सम्राटाने दिनाराचे वजन आणि चांदीचा कस दोन्ही कमी केले. भारतात सापडलेल्या दिनारांत त्याच्या आधीच्या औगुस्त आणि तिबेर्य यांचीच नाणी फार मोठ्या संख्येने आहेत, हा योगायोग नसावा.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणात, नळगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ली येथे 1,531 चांदीच्या दिनारांचा साठा मिळाला. भारतात मिळालेल्या रोमी नाण्यांपैकी अनेकांवर छिन्नीने मारलेले काप किंवा बारीक ठोके दिसतात. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै येथे 1898 साली 501 सोन्याची नाणी मिळाली, त्यांतील बहुतेकांच्या चेहऱ्यांवरूनच काप गेलेला आहे. हे काप का मारले? चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत एक कारण सहज पटते. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा अशी खोटी नाणी रोमच्या काळातही होती, आणि एक काप मारला की पोटातले तांबे दिसे. सोन्याची झिजलेली नाणी चलनातून काढताना कापली असावीत, असेही एक मत आहे. अभ्यासकांत अजून एकमत नाही. तरीही कापातून चांदीच दिसत असेल, तर परीक्षा होऊन उत्तीर्ण झालेले नाणे आपल्यापुढे आहे, एवढे नक्की.

महाराष्ट्रात याहून मोठे उदाहरण आहे. ते रोमचे नाही, आपले स्वतःचे आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीची तेरा हजारांवर नाणी मिळाली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची. वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि लेख ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. त्यांचा अभ्यास करून लिहिणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट हे मिशनरी होते, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर नाणी वितळवली नाहीत; त्याच नाण्यांवर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकून ती पुन्हा चालवली. कुठे राजाच्या गालावर डोंगर बसला आहे, कुठे डोळ्याच्या जागी चिन्ह आले आहे.

सुबक नाणे हवे असणारा संग्राहक असे नाणे पाहून नाक मुरडेल. पण नाशिकच्या लेण्यात क्षहरात वंशाचा समूळ नाश केल्याचे जे शब्द कोरलेले आहेत, त्यांची साक्ष या चेपलेल्या चेहऱ्यातच मिळते. ठसा नसलेले सुरेख नाणे नहपान होऊन गेला एवढेच सांगते. ठसा असलेले नाणे तो हरला हेही सांगते. आम्हाला निवड करायला दिली तर आम्ही दुसरेच उचलू.

जगभरचे संग्राहक दुर्मिळ रोमी नाण्यांबाबत काहीसा असाच विचार करतात. तिबेर्याचा दिनार खरे तर दुर्मिळ नाही. बायबलमुळे त्याला मागणी जास्त, म्हणून भाव जास्त. अशा नाण्याच्या बाबतीत थांबून चांगला नग घ्यावा. पण ओथो सम्राट इ.स. 69 मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता, आणि पर्टिनॅक्स इ.स. 193 मध्ये 87 दिवस. त्यांच्या चांदीच्या नाण्यांत निवड करायला फार वाव नसतो. कडेला चीर असलेले, नाक झिजलेले, भोक पाडलेले असे जे हाती येईल ते घ्यायचे. चेहरा आणि नावाची चार अक्षरे ओळखू आली की पुरे. भोक तर कित्येकदा प्रेमाचेच असते. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते, चांदीच्या रुपयांची माळ असते. तेर येथे रोमी नाण्यांच्या नकला मातीत करून, वर कडी ठेवून गळ्यात घालत. नाणे गळ्यात घालावे असे कुणालातरी वाटले, म्हणून भोक पडले.

काही दोष मात्र दोषच आहेत. भोक बुजवून वर नवी नक्षी कोरलेले नाणे, तासून गुळगुळीत केलेले नाणे, आणि घासलेले नाणे. तिसऱ्याबद्दल आम्ही अनुभवाने बोलत आहोत. आजीच्या पेटीतला राणी छाप रुपया आम्ही लहानपणी चिंच आणि राखेने घासघासून चमकवला होता. राणीच्या केसांच्या बटा त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच. आजी काही बोलली नाही, रुपया परत फडक्यात बांधून ठेवला. चांदीवरचा काळपट थर घाण नसतो. तो शेकडो वर्षांत बसतो आणि पाच मिनिटांत निघतो.

आपल्या भागात ही गोष्ट निव्वळ हौसेची नाही. शेत नांगरताना, विहीर खणताना, पाया काढताना जुनी नाणी निघतात, आणि बऱ्याचदा ती थेट सोनाराच्या मुशीत जातात. वेडीवाकडी, चिरलेली आहेत, म्हणजे मोडच समजून चांदीच्या वजनावर विकली जातात. असे करू नये, आणि कायद्यानेही तसे करता येत नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. शोधणाऱ्याच्या वाट्याची तरतूद त्या कायद्यातच आहे. लपवले तर वाटाही जातो आणि शिक्षाही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे. म्हणून कुणी "परदेशी गिऱ्हाईक आहे" म्हणत आले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

ज्यांना खरी गोडी लागली आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय एकदा पाहावे. तेरला जाणे झाले तर तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नये.

आमच्याकडे एक भिंग आणि सोनाराचा छोटा तराजू आहे. अभ्यासवर्गाला येताना घरातली जुनी नाणी जरूर आणा, वाकलेली, कापलेली, भोक पडलेली, कशीही. फक्त घासून आणू नका.