जुन्या ट्रॅक्टरची ओळख : लक्षणांवरून निदान

नवा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून अनेक अल्पभूधारक शेतकरी वीस, तीस, प्रसंगी चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर विकत घेतात. सीमाभागात बेळगावकडील ट्रॅक्टर कोल्हापूर-सांगलीकडे आणि तिकडील इकडे येणे नेहमीचे आहे. अशा यंत्राबरोबर माहितीपुस्तिका क्वचितच मिळते. ट्रॅक्टर नेमका कोणता आहे हे निश्चित न झाल्यास चुकीचे सुटे भाग घेतले जातात, कागदपत्रांचे प्रश्न उद्भवतात आणि फवारणीची मात्राही बिघडते. कीटकशास्त्रात अनोळखी नमुना ओळखण्यासाठी जी पद्धत वापरतात, तीच येथे उपयोगी पडते. बदलणारी लक्षणे बाजूला ठेवावीत, स्थिर लक्षणे क्रमाने तपासावीत आणि मगच नाव द्यावे.

रंगावर विसंबू नये

सिरफिड माशीच्या अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असतात. पंख मोजले की भेद स्पष्ट होतो : मधमाशीला चार, सिरफिड माशीला दोन. ट्रॅक्टरचा रंग, बोनेटवरील अक्षरे आणि दिवे ही अशीच फसवी लक्षणे होत. रंग पुन्हा दिला जातो, बोनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचे बसवले जाते.

स्थिर लक्षणांत पहिले स्थान चेसिस क्रमांकाचे. नामपट्टीवरील व सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, तसेच इंजिन क्रमांक, माती व रंग खरवडून वाचावा आणि नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. इंजिनावरील नावावरून ट्रॅक्टरचे नाव ठरवू नये. स्वराज ट्रॅक्टरांत किर्लोस्कर बनावटीची, तर मॅसी फर्ग्युसनमध्ये सिम्पसन बनावटीची इंजिने आढळतात.

सिलिंडरांची संख्या

इंधन पंपापासून इंजिनाच्या माथ्याकडे जाणाऱ्या जाड भिंतीच्या पोलादी नळ्या मोजाव्यात. जितक्या नळ्या, तितके सिलिंडर. आपल्याकडील तीन जुनी उदाहरणे पाहू.

दोन नळ्या : एचएमटी २५११. घड्याळांसाठी सर्वपरिचित असलेल्या बंगळूरच्या एचएमटी कंपनीने १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रज्ञानावर पिंजोर येथे ट्रॅक्टर बनवण्यास आरंभ केला. या नावातील पहिले दोन अंक अश्वशक्ती सुचवतात. २५११ म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती. हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणून सुट्या भागांची उपलब्धता खरेदीपूर्वीच पाहावी.

तीन नळ्या : मॅसी फर्ग्युसन १०३५. चेन्नईच्या टॅफे कंपनीचा हा ट्रॅक्टर.

चार नळ्या : इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या मुंबईतील कांदिवली कारखान्यात तो तयार होई. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आजच्या महिंद्र २७५ डीआयचे इंजिन मात्र तीन सिलिंडरांचे आहे. अंक तोच असला तरी यंत्र तेच असते असे नाही. केवळ ‘२७५’ सांगून पिस्टन किंवा गॅस्केट मागणे म्हणूनच धोक्याचे.

नळ्यांची संख्या ही ओळखीची पहिली पायरी होय. दोन सिलिंडरांचे इतरही ट्रॅक्टर आहेत. त्यामुळे पुढे नामपट्टी व इंधन पंपावरील पट्टी वाचावी. बहुतेक जुन्या पंपांवर ‘मायको’ हे नाव दिसेल. बंगळूरची ही कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. पंपावरील संकेतांक टिपून ठेवल्यास दुरुस्तीच्या वेळी योग्य भाग मिळतो.

कागदपत्रे

शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. त्याची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा नमुना २८ आणि कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

शेतात आणण्यापूर्वी

चाके, नांगराचे सांधे व खालचा भाग गावाबाहेरच किंवा एका ठरावीक जागी धुऊन घ्यावा. सुकलेल्या चिखलातून गाजरगवताचे बी आणि सूत्रकृमी नव्या शेतात पोहोचतात.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या नळ्या व छिद्रे कुंभारीण माशी मातीने लिंपते. डिझेल टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र असे बुजले तर टाकीत निर्वात तयार होतो, इंधन उतरत नाही आणि इंजिन काही वेळ चालून बंद पडते. झाकण सैल करताच ते पुन्हा चालू लागले, तर पंप उघडण्याआधी हे छिद्र तारेने साफ करावे. धुराडे आणि इंजिनाची श्वासनलिकाही तपासावी. तेलाच्या हवागाळणीतील तेल बदलून खुणेइतकेच भरावे. खुणेवर भरलेले तेल इंजिनात ओढले जाते.

फवारणीसाठी वेग मोजणे

जुन्या ट्रॅक्टरवरील मीटर बहुधा बंद असतात आणि मागचे टायर मूळ मापाचे नसतात. त्यामुळे पुस्तिकेतील गिअरनिहाय वेग मिळाला तरी तो लागू पडत नाही. वेग शेतातच मोजावा. फवारणी टाकी अर्धी भरून, पीटीओ दांड्याचे ५४० फेरे राखून ५० मीटर अंतर चालवावे. १८० ला लागलेल्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. ४५ सेकंद लागल्यास वेग ताशी ४ किलोमीटर होय.

हेक्टरी द्रावण काढण्यासाठी सर्व नोझलांचा मिनिटाचा प्रवाह लिटरमध्ये मोजून त्यास ६०० ने गुणावे, आणि वेग व फवारणीची रुंदी (मीटर) यांच्या गुणाकाराने भागावे. प्रवाह १२ लिटर, रुंदी ६ मीटर व वेग ४ असता हेक्टरी ३०० लिटर पडतात. वेग ५ झाला तर २४० लिटर, ३ झाला तर ४०० लिटर. ३०० लिटरच्या हिशेबाने औषध मिसळले असेल, तर पहिल्या स्थितीत मात्रा एक पंचमांशाने घटते आणि कीड जिवंत राहते. दुसऱ्या स्थितीत ती एक तृतीयांशाने वाढते, आणि त्यात सिरफिडसारखे मित्रकीटक अधिक मरतात व पिकात अवशेष वाढतात. वेग बदलायचा झाल्यास गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलल्यास पंपाचा प्रवाहही बदलतो.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत एकेरी क्लच असतो. पायटा दाबताच चाकांसह पीटीओही थांबतो, व पुन्हा निघताना पहिल्या काही मीटरांत दाब कमी राहतो. म्हणून ओळीच्या मध्ये थांबू नये. फिरत्या पीटीओ दांड्यावर संरक्षक आवरण नसेल, तर ते बसवल्याशिवाय ट्रॅक्टर कामास लावू नये. धोतराचे, साडीचे वा ओढणीचे टोक अडकले तर क्षणात प्राणावर बेतते.

चेसिस व इंजिन क्रमांक, सिलिंडरांची संख्या, पंपाचा संकेतांक, टायरचे माप आणि प्रत्येक गिअरचा मोजलेला वेग या नोंदी एका वहीत उतरवून ती ट्रॅक्टरबरोबर ठेवावी. टायर बदलल्यावर वेग पुन्हा मोजून नवी नोंद करावी.